दुमजली घरातील सिंक आणि हवेचा पाइप

आपल्या शहरातील जुन्या वस्तीत घर आणि धंदा बहुधा एकाच छपराखाली असतात. शहागंज, सिटी चौक, गुलमंडी, पैठण गेट, कोठेही पाहा. खाली दुकान, कारखाना किंवा गोदाम आणि वर राहते घर, ही रचना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आता जुनी घरे पाडून तेथे आर.सी.सी. बांधकामे उभी राहत आहेत. प्रत्येक मजल्यावर सिंक आले, बेसिन आले. सळई, सिमेंट आणि फरशीचा भाव मालक स्वतः दहा दुकाने फिरून काढतो. सांडपाण्याच्या पाइपाची गोष्ट निघाली की मात्र "प्लंबर बघून घेईल" एवढे बोलून मोकळा होतो. मग वर्ष-सहा महिन्यांत खालच्या मजल्यावर गटाराचा वास येऊ लागतो. खालच्या सिंकमधून गुडगुड आवाज येतो आणि मूळ कारण कोणाच्याच लक्षात येत नाही.

आम्ही कापडाच्या धंद्यातले, प्लंबिंग हा आमचा पेशा नव्हे. तरीही या विषयावर लिहिण्याचे कारण आमच्या धंद्यातच आहे. सुती, रेशमी आणि लोकरी कापड वास धरून ठेवते. बंद गोदामात थानाला एकदा गटाराचा वास लागला की गिऱ्हाईक घडी उलगडताच नाक मुरडते. जरीच्या मालाचे नुकसान त्याहून मोठे आहे. गटारातून येणाऱ्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो आणि त्याने चांदी काळी पडते. ज्या जरीत चांदी किंवा तांबे आहे ती या वायूने हळूहळू निस्तेज होते. ज्या शहराचे नाव हिमरू आणि किनखाबाने झाले, ज्याच्या शेजारच्या पैठणचे नाव पैठणीने झाले, तेथील व्यापाऱ्याला ही गोष्ट किरकोळ वाटू नये. जरीचा माल काळा पडला की आपण कारागिराला किंवा माल पाठविणाऱ्याला दोष देतो. गोदामाच्या कोपऱ्यातील सिंककडे कोणी पाहत नाही.

प्रथम ट्रॅप म्हणजे काय ते समजून घेऊ. सिंकच्या खाली पाइपाला जो वाकडा भाग असतो, किंवा न्हाणीच्या फरशीत जो नाणी ट्रॅप बसवतात, त्यात नेहमी थोडे पाणी साचून राहते. हे पाणी म्हणजेच सील. त्याची खोली साधारण २ इंच, म्हणजे ५० मिमी असते. गटारातील हवा आणि आपले घर यांच्यामध्ये एवढाच पडदा आहे, दुसरा दरवाजा नाही. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग्ज या घड्याळजीने १७७५ साली शौचकूपासाठी इंग्रजी 'एस' अक्षरासारख्या वळणाचे पेटंट घेतले, तेव्हापासून ही युक्ती जगभर पसरली. युक्ती सोपी आणि स्वस्त आहे. तिची कमजोरी एकच, ती म्हणजे ते २ इंच पाणी जागेवरून हलता कामा नये.

आता दुमजली घरात काय होते ते पाहू. समजा दोन भावांचे घर आहे. धाकटा वर राहतो, थोरल्याचे गोदाम खाली आहे. वर स्वयंपाकघरातील सिंक आहे आणि त्याच्या बरोबर खाली गोदामातील हात धुण्याचे सिंक आहे. प्लंबरने ७५ मिमीचा एक उभा पाइप टाकला, दोन्ही सिंक त्याला जोडली आणि वरच्या सिंकच्या जोडापाशी पाइपाला टोपण लावून काम संपविले. पाणी जाते, मालक खूश, प्लंबरचे पैसे चुकते.

वरच्या सिंकमधून तांब्याभर पाणी सोडले तर ते पाइपाच्या भिंतीला चिकटून उतरते आणि मधली जागा हवेसाठी मोकळी राहते. तेवढ्याने काही बिघडत नाही. पण बादलीभर पाणी एकदम ओतले की पाइप भरून जातो आणि पाण्याचा गोळा सायकल पंपाच्या दट्ट्यासारखा खाली येतो. त्याच्यापुढची हवा दाबली जाते आणि मागे हवा कमी पडते. वरचे तोंड बंद असल्यामुळे मागची हवा आणायची कोठून? पाइप ती खालच्या सिंकच्या ट्रॅपमधून ओढतो. हवेबरोबर ट्रॅपमधले पाणीही जाते. आपण जो गुडगुड आवाज ऐकतो, तो सील फुटल्याचा आवाज आहे.

हा गोळा तळाशी पोचतो तेव्हा उलटे घडते. उभा पाइप आडवा होतो त्या वळणावर पाण्याचा वेग एकदम कमी होतो, पाणी तुंबल्यासारखे होते आणि त्याच्यापुढे दाबलेल्या हवेला जायला वाट राहत नाही. ती खालच्या सिंकमधून बुडबुडे काढीत वर येते, कधीकधी घाण पाणीही उडवते. म्हणजे वरच्याने पाणी ओतले की खालच्याचा ट्रॅप आधी ओढला जातो आणि मग ढकलला जातो. वर राहणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण त्याच्या घरात वास नाही की आवाज नाही.

यातूनच घरातले तंटे सुरू होतात. खालचा म्हणतो, वरचे लोक सिंकमध्ये वाटेल ते टाकतात. वरचा म्हणतो, तुमचे चेंबर तुंबले आहे, ते साफ करा. भाडेकरू आणि मालक यांच्यात तर याहून वाईट होते. एकाच पाइपावर दोन सिंक बसवून एकालाही हवा दिलेली नाही, हे खरे कारण दोघांच्याही ध्यानात येत नाही.

आपल्या शहरात हा त्रास जास्त जाणवण्याचे एक स्थानिक कारण आहे. येथे वर्षानुवर्षे नळ काही दिवसांआड येत आला आहे. त्यामुळे पाणी पिंपात, टाकीत, हंड्यात भरून ठेवण्याची सवय घरोघरी आहे. नळ आला की साठवलेले शिळे पाणी एकदम ओतले जाते आणि पिंपे, हंडे धुतले जातात. एरवी जो पाइप तांब्या-तांब्याने पाणी वाहतो, त्यावर त्या दिवशी बादल्यांचा मारा होतो. "नळाच्या दिवशी जास्त वास येतो" असे अनेक दुकानदार सांगतात, त्याचा उलगडा यात आहे.

उपाय तीन प्रकारचा आहे आणि पहिला सर्वांत महत्त्वाचा. उभा पाइप वरच्या सिंकच्या जोडापाशी बंद न करता त्याच जाडीने सरळ गच्चीच्या वर न्यावा आणि त्याला जाळीची टोपी बसवावी. पाणी खाली पडताना लागणारी हवा आता आकाशातून मिळते, खालच्या ट्रॅपमधून ओढावी लागत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे गच्चीवर लोक झोपतात, वाळवणे घालतात. म्हणून पाइपाचे तोंड गच्चीपासून सुमारे २ मीटर उंच असावे आणि शेजाऱ्याच्या खिडकीजवळ मुळीच नसावे.

दुसरा उपाय खालच्या सिंकसाठी. येथे बहुतेक मिस्त्रींची समजूत अशी असते की उभा पाइप वर उघडा आहे, मग खालच्या सिंकला त्यातूनच हवा मिळेल. ही समजूत चुकीची आहे. ज्या पाइपातून वरच्या मजल्याचे पाणी पडते, तो पाइप त्याच क्षणी खालच्या सिंकला हवा पुरवू शकत नाही. रस्ता एकच असेल आणि त्यातून भरलेला ट्रक येत असेल, तर समोरून सायकल कशी जाणार? म्हणून खालच्या सिंकसाठी हवेची वेगळी वाट हवी. ट्रॅपच्या पुढे, भिंतीपाशी एक टी बसवून तेथून ५० मिमीचा पाइप सरळ वर न्यावा आणि वरच्या सिंकच्या काठापेक्षा किमान ६ इंच उंचावर मुख्य पाइपाला जोडावा. वरच्या सिंकच्या काठाहून उंच का? कारण उद्या खाली पाइप तुंबला तर पाणी वरच्या सिंकच्या काठापर्यंतच चढेल आणि तेथून बाहेर सांडेल. हवेच्या पाइपाचा जोड त्याहून खाली असेल, तर घाण पाणी त्या वाटेने वाहू लागेल. मालकाला तुंबल्याचा पत्ता लागणार नाही आणि हवेची वाट गाळाने बुजेल.

हिशेब करून पाहू. मजला साडेदहा फुटांचा, खालच्या सिंकची टी जमिनीपासून दीड फुटावर आणि वरच्या सिंकचा काठ त्याच्या फरशीपासून ३ फुटांवर धरला, तर हवेचा पाइप दीड फुटापासून १४ फुटांपर्यंत जाईल. म्हणजे साडेबारा फूट. १० फुटी दोन नग लागतील आणि काही तुकडा उरेल. मुख्य पाइप वरच्या सिंकपासून गच्चीच्या वर नेण्यासाठी ७५ मिमीचे आणखी दोन नग. एक टी, एक जोडाचा वाय, एक-दोन बेंड, क्लॅम्प आणि टोपी. संपूर्ण घराच्या खर्चात हा आकडा किती बसतो ते प्रत्येकाने आपल्या हार्डवेअरवाल्याकडे विचारून पाहावे. गोदामातील जरीच्या एका गठ्ठ्याशी तुलना केली तरी पुरे.

पाइप घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सांडपाण्याच्या पी.व्ही.सी. पाइपांसाठी भारतीय मानक आय.एस. १३५९२ आहे आणि त्यात दोन प्रकार आहेत. 'ए' प्रकार हवेसाठी व पावसाच्या पाण्यासाठी, 'बी' प्रकार मैला व सांडपाण्यासाठी. 'बी' जाड असतो आणि महाग असतो. काही दुकानदार सगळीकडे 'ए' प्रकार खपवतात, तर काही प्लंबर हवेच्या पाइपालाही 'बी'चे पैसे लावतात. पाइपावर छापलेले वाचून घ्यावे.

तिसरा उपाय असा की खालचे सिंक मुख्य पाइपाला जोडूच नये. ते बाहेरच्या भिंतीजवळ असेल तर त्याचा पाइप स्वतंत्रपणे गली ट्रॅपवर सोडावा. मग वरच्या पाण्याचा आणि खालच्या ट्रॅपचा संबंधच उरत नाही. आमच्या मते जेथे जमेल तेथे हेच करावे, कारण यात बिघडण्यासारखे काही नाही. पण गली ट्रॅपची जाळी उघडी राहिली पाहिजे. अंगणात फरशी घालताना किंवा झुरळांना कंटाळून लोक ती जाळी सिमेंटने बुजवतात आणि पाइप आतच गाडून टाकतात. जुन्या मिस्त्रीने तेथे उघडी जाळी ठेवली होती ती केवळ कचरा काढण्यासाठी नव्हे. पाइपाच्या तळाशी दाबली जाणारी हवा तेथून सुटत होती.

सिंकपासून उभ्या पाइपापर्यंतच्या आडव्या तुकड्याबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. त्याला फुटाला पाव इंच उतार पुरतो. पाणी लवकर जावे म्हणून मिस्त्री जास्त उतार देतात किंवा सिंक चार-पाच फूट लांब बसवून पाइप तिरपा ओढतात. तुकड्याचा एकूण उतार पाइपाच्या आतील व्यासापेक्षा जास्त झाला, तर हवेचे तोंड ट्रॅपमधील पाण्याच्या पातळीच्या खाली जाते. मग रॉकेलच्या डब्यातून नळी लावून तेल काढावे तसे सिंकचे स्वतःचेच पाणी ट्रॅप रिकामा करून जाते. अमेरिकेतील काही प्लंबिंग नियमांत दीड इंची पाइपाला हे अंतर साडेतीन फुटांपर्यंतच मान्य आहे. सिंकखाली सरळ फरशीत उतरणारा 'एस' ट्रॅप याच कारणाने वाईट. भिंतीत जाणारा 'पी' ट्रॅप चांगला. आणि ती वळ्यावळ्यांची लवचिक नळी, जी आजकाल सर्रास सिंकखाली लटकते आणि फरशीतील भोकात कोंबलेली असते, तिला ट्रॅप म्हणणे म्हणजे स्वतःला फसविणे आहे. भोकाखाली नाणी ट्रॅप असेल तरच ती चालेल, आणि तेव्हाही भोकाभोवतीची फट बुजवली पाहिजे.

ज्या शहरात आपण राहतो त्या शहराला पाण्याबरोबर हवेचाही विचार करण्याची रीत नवी नाही. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे. त्याने शहरासाठी जी नहर आणली तिला नहर-ए-अंबरी म्हणतात. पुढे पाणचक्कीला पाणी आणणारी नहर झाली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील ही चक्की पाहिली नाही असा येथला माणूस विरळा. मातीच्या नळांतून जमिनीखालून मैलोन्‌मैल पाणी आणायचे, तर मध्येच हवा अडकून प्रवाह थांबण्याचा आणि दाबाने नळ फुटण्याचा धोका असतो. म्हणून वाटेत उंच बंबे बांधले. त्यांत पाणी वर चढते, दाब उतरतो, अडकलेली हवा सुटते आणि पाणी पुढे जाते. तो पिण्याच्या पाण्याचा मामला होता, हा सांडपाण्याचा आहे. पण बंद नळात पाणी आणि हवा दोघांची व्यवस्था करावी लागते, हे त्या कारागिरांना पी.व्ही.सी. येण्याच्या तीन-साडेतीनशे वर्षे आधी माहीत होते. आज आपला मिस्त्री गच्चीवरचा पाइप "फुकटचा खर्च" म्हणून वगळतो.

कोरड्या ट्रॅपची किंमत किती मोठी असू शकते हे २००३ साली हाँगकाँगमध्ये दिसले. सार्सच्या साथीत अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत ३०० हून अधिक रहिवासी आजारी पडले. तपासात असे आढळले की अनेक न्हाणीघरांच्या फरशीतील ट्रॅप कोरडे पडले होते, कारण लोक पाणी ओतून धुण्याऐवजी फरशी पुसून घेत. हवा बाहेर फेकणारा पंखा लावला की पाइपातील दूषित हवा त्या कोरड्या ट्रॅपमधून घरात ओढली जाई. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो आणि लोक गावाला गेलेले असतात. बंद खोलीतील ट्रॅप काही आठवड्यांत आटू शकतो. अशा ठिकाणी जाण्यापूर्वी ट्रॅप पाण्याने भरून त्यावर चमचाभर खाद्यतेल सोडावे. तेलाचा थर पाणी उडू देत नाही.

आपल्या घरात दोष आहे की नाही हे पाहायला प्लंबर बोलवावा लागत नाही. खालच्या नाणी ट्रॅपची जाळी काढून त्यात पातळ काडी उभी बुडवावी आणि ओल किती चढली ते मोजावे. मग वरच्या मजल्यावरून दोन बादल्या पाणी एकापाठोपाठ ओतायला सांगावे. पुन्हा काडी बुडवावी. २ इंचांची ओल १ इंचावर आली असेल तर हवेची वाट नाही हे नक्की समजावे. त्याच वेळी सिंकच्या तोंडावर पातळ कागदाची पट्टी धरली तर ती आत ओढली जाते की बाहेर फडफडते तेही दिसते. उदबत्ती किंवा काडी पेटवून पाहण्याचा मोह टाळावा, गटाराच्या हवेत पेट घेणारा वायू असू शकतो. चेंबरचे झाकण उघडून त्यात डोके घालणे तर कोणीही करू नये. हायड्रोजन सल्फाइड दाट असला की नाकाला वास येणेच बंद होते आणि माणूस बेशुद्ध पडतो.

वास येऊ लागला की लोक जे उपाय करतात त्यांतील बरेचसे निरुपयोगी आहेत. ॲसिड आणि फिनेल ओतल्याने दोन दिवस वास झाकला जातो, सील भरून येत नाही. एका ट्रॅपच्या पुढे दुसरा ट्रॅप लावणे हा उपाय उलटा आहे. दोन्हींच्या मध्ये हवा कोंडते आणि पाणीच जायचे थांबते. गच्चीवर वास येतो म्हणून टोपीला प्लास्टिकची पिशवी बांधणारेही आहेत, त्यांनी वास गच्चीवरून स्वयंपाकघरात आणला एवढेच होते. हवेचा पाइप पावसाच्या पन्हाळ्याच्या पाइपाला जोडू नये. पावसाळ्यात तो भरून वाहतो आणि इतर दिवसांत त्याच्या खालच्या तोंडातून वास अंगणात सुटतो.

जुन्या घरात भिंत फोडून पाइप वर नेणे शक्य नसेल, तर सिंकखाली बसविण्याचा हवेचा व्हॉल्व्ह मिळतो. ही युक्ती १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये निघाली. पाइपात हवा कमी पडली की त्याचा पडदा उघडून खोलीतील हवा आत घेतो, एरवी बंद राहतो. तो ट्रॅपच्या पातळीपेक्षा वर आणि हात पोचेल अशा जागी बसवावा, भिंतीत गाडू नये. पण तो हवा फक्त आत घेतो, बाहेर सोडत नाही. म्हणून तळमजल्यावर जेथे हवा उलटी ढकलली जाते तेथे त्याच्यावर भिस्त ठेवू नये. आणि एक तरी पाइप गच्चीवर उघडा असलाच पाहिजे.

आपल्या समाजातील अनेक तरुण प्लंबिंगच्या कामात आहेत, त्यांच्याशी थोडे धंद्याचे बोलायचे आहे. गिऱ्हाईक "ज्या पाइपातून पाणी जात नाही त्याचे पैसे कशाला?" असे विचारते आणि काम हातचे जाईल या भीतीने तुम्ही तो पाइप गाळता. त्याऐवजी अंदाजपत्रकात "हवेचा पाइप" ही वेगळी ओळ लिहा, तिच्यापुढे रक्कम लिहा आणि गिऱ्हाइकाला ती नको असेल तर त्याच्याच हाताने खोडायला सांगून खाली सही घ्या. बहुतेक लोक खोडत नाहीत. जे खोडतात त्यांचा फोन वर्षाने आला तर तुमच्याकडे कागद असतो. वर मजला चढवायचा विचार असेल तर तेही आधीच विचारून घ्या. तिसऱ्या मजल्याचे सिंक आले की हवेच्या पाइपाचा जोड त्याच्याही काठाच्या वर न्यावा लागतो. म्हणून अशा घरात दोन्ही पाइप पहिल्यापासून वेगवेगळे गच्चीपर्यंत नेलेले बरे. तळाच्या वळणावर एक काटकोनी बेंड न लावता ४५ अंशांचे दोन लावा, पाणी कमी तुंबते. वळणाशी झाकणाचा तुकडा ठेवा, म्हणजे पुढे साफ करताना पाइप कापावा लागणार नाही.

गच्चीवरची टोपी वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, काढून पाहावी. गांधीलमाशा तेथे पोळे करतात आणि चिमण्या जाळी तुटलेली असेल तर काड्या भरतात. गोदामातील सिंक रोज वापरात नसेल, तर दर जुम्म्याला दुकान बंद करताना त्यात दोन तांबे पाणी ओतायला नोकराला सांगून ठेवावे.